जुने स्कूबा गेज घ्यायचेत, बजेट कमी. ओळखायचे कसे, तपासायचे कुठे? (नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) झालेलं आहे. रेग्युलेटर स्वतःचा आहे, गेज नाहीत. डायव्हिंग मुख्यतः मालवण-तारकर्लीला, जमलं तर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला. नाशिकरोडच्या एका जुन्या सामानवाल्याकडे एक पेटी आली आहे, त्यातलं काय घेण्यासारखं आहे ते कळत नाहीये. बहुतेकांवरची नावं पुसली आहेत. पेटीत आहे ते असं:

क) रबरी कन्सोल. वर होकायंत्र, मध्ये खोलीचं गेज, खाली प्रेशर गेज ०–३५०, एकक दिसत नाही. होज (दाबाची रबरी नळी) जोडलेला. दाब नसतानाही काटा १५ च्या आसपास थांबलाय.
ख) सुटं पितळी प्रेशर गेज, काचेचं, ०–५०००. काटा शून्यावर.
ग) लांब होजवालं ०–३०० बारचं गेज, सोबत छोटी शिट्टी, तबकडी अंधारात चमकते.
घ) मनगटी, आत तेल, तेलात बुडबुडा. ०–७०. दोन काटे, एक तांबडा. काळा काटा शून्याच्या किंचित खाली.
च) मनगटी, काटाच नाही. तबकडीच्या कडेने पारदर्शक नळी फिरवलीय.

सगळ्याचे साडेआठ हजार म्हणतोय, फोड करून द्यायला तयार नाही. माझी मजल सहा हजारांपर्यंत. काय घ्यावं, काय सोडावं? आणि नाशकात बसून तपासता येईल का, की मालवणलाच न्यावं लागेल?

---

आटेपाना

प्रेशर गेजपुरतं लिहितो. खोलीच्या गेजबद्दल इथे जाणकार आहेत.

आधी एकक. तबकडीवर शब्द नसले तरी शेवटचा आकडा बोलतो. ३०० ते ४०० वर संपलं तर बार. ४००० किंवा ५००० वर संपलं तर पीएसआय. ३५ किंवा ४० वर संपणारं दिसलं तर मेगापास्कल, म्हणजे त्यावरचे २० म्हणजे आपले २००. जुन्या जपानी गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटरही सापडतं, तेही ३५० वर संपतं. पण १ किलो म्हणजे ०.९८ बार, त्यामुळे त्यावरून घोळ होत नाही. पीएसआयचं गणित: १ बार म्हणजे १४.५. २०० बार म्हणजे २९००, ५० बार म्हणजे ७२५. तुमचं (क) बारमध्ये, (ख) पीएसआयमध्ये. बाकी सगळे बारमध्ये बोलत असताना एकट्याने पीएसआयचं गेज वापरणं बेकायदा नाही, पण पाण्याखाली जोडीदाराने बोटांनी दाब विचारला की मनात भागाकार करत बसावं लागतं. तबकडीवर ७२५ आणि १४५० ला बाहेरून रंगाचा ठिपका द्या, काम भागतं.

(ग) बाजूला ठेवा. शिट्टी आणि चमकणारी तबकडी म्हणजे ते आग विझवणाऱ्यांच्या श्वसनसंचाचं गेज. मुंबईच्या दारूखान्यात जहाजं फोडली की असले संच भंगारात येतात आणि ‘डायव्हिंगचं’ म्हणून विकले जातात. दाब ते बरोबर दाखवेलही, पण त्याची डबी खोल पाण्यासाठी बनवलेली नाही. पाणी आत शिरलं की काही महिन्यांत आतली यंत्रणा हिरवी. फुकट मिळालं तरच घ्या, तेही फक्त घरी तुलना करायला.

कारखान्यातली हायड्रोलिक गेजही अशीच डायव्हिंगच्या नावाखाली खपवतात. त्यासाठी व्हर्नियर घेऊन जा:

– स्कूबाच्या हाय प्रेशर होजचं फर्स्ट स्टेजकडचं (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) टोक: ७/१६ इंच, इंचाला २० आटे (यूएनएफ). बाहेरचा व्यास ११.१ मिमी.
– लो प्रेशर पोर्ट: ३/८ इंच, २४ आटे, ९.५ मिमी. हा गेजसाठी नाही. खूप जुन्या रेग्युलेटरांत मात्र हाय प्रेशर पोर्टही ३/८ चाच असायचा. त्यासाठी अडॅप्टर मिळतो.
– कारखान्यातलं १/४ बीएसपी: १३.१ मिमी, १९ आटे. हे दिसलं की हात जोडून निघा.

(ख) सुटं आहे म्हणजे त्याच्या मानेत स्पिंडल आहे की नाही ते बघा. स्कूबाचं गेज होजला थेट आट्यांनी बसत नाही. मध्ये पोकळ पितळी स्पिंडल असतो, बोटाच्या पेरापेक्षा लहान, दोन्ही टोकांना एकेक इवलीशी ओ-रिंग. त्यावरच गेज फिरतं. स्पिंडल हरवला असेल तर किंमत पाडा. नवा मिळतो, पण शोधावा लागतो.

आता तब्येत. डबीच्या मागे रबराची किंवा प्लास्टिकची छोटी टिकली असते. आतली वाकडी नळी फुटली तर २०० बारची हवा तिथून निघून जावी, काच तोंडावर येऊ नये, यासाठी ती आहे. कुणी ती गोंदाने चिकटवलेली असली, रंगाने बुजवलेली असली, तर गेज फेकायचं. ‘पाणी शिरत होतं म्हणून सील केलं’ हे विकणाऱ्याचं उत्तर मी स्पष्टीकरण नव्हे तर कबुलीजबाब समजतो.

काचेच्या आत धुकं, तबकडीच्या कडेला हिरवट पूड, काट्याच्या बुडाशी गंज: पाणी आत गेलेलं आहे. प्लास्टिकच्या काचेवर बारीक भेगांचं जाळं असेल तर कुणीतरी पेट्रोल किंवा थिनरने पुसलंय. तशी काच दिसते धड, पण धक्क्याला टिकत नाही.

(क) चा काटा १५ वर थांबलाय, याची दोनच कारणं: नळीवर कधीतरी झेपेल त्यापेक्षा जास्त दाब आला आणि ती पूर्ण मागे येत नाही, किंवा आपटून काटा दांड्यावर सरकलाय. दोन्ही बाबतीत गेज जास्त दाखवणार. खरे ३५ उरलेले असताना ५० दिसणार. ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये १५ बार म्हणजे १६६ लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर २० मीटरवर तिप्पट, ६० लिटर. म्हणजे जवळजवळ पावणेतीन मिनिटांची हवा जी नाहीच आहे. कमी दाखवणारं गेज परवडतं, जास्त दाखवणारं नाही.

होज जुना असेल तर त्याचे पैसे शून्य धरा आणि नवा घ्या. बाहेरच्या रबराला अगदी बारीक टोचे दिसले तर घाबरू नका, ते कारखान्यातच मुद्दाम दिलेले असतात, आतून झिरपलेली हवा साठून फुगवटा येऊ नये म्हणून. फुगवटा, क्रिंपजवळची (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीजवळची) भेग, दिसणारे धागे यापैकी काहीही असेल तर मात्र होज बाद.

---

खोलपाणी

+१. (घ) आणि (च) बद्दल सविस्तर लिहितो संध्याकाळी. तोवर एकच: (घ) चा काटा शून्याखाली आहे म्हणून सोडू नका. नाशकात तो तसाच असायला हवा.

---

सातपूर_कॅलिब्रेशन

धागाकर्त्यांनी तपासायचं कुठे विचारलंय. सातपूर-अंबडला कॅलिब्रेशनवाले आहेत, एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेलेही. पण गेज काउंटरवर ठेवून निघून येऊ नका. एक गोष्ट आधी स्पष्ट सांगा.

३०० बारच्या पट्ट्यात नेहमीचा मार्ग म्हणजे डेड वेट टेस्टर (वजनं ठेवून दाब देणारं यंत्र), आणि त्यात तेल असतं. गेज त्यावर चढवलं की ते तेल वाकड्या नळीत शिरतं. ती नळी एका टोकाला बंद आहे, आत केसाएवढी पोकळी, तेल पुन्हा पूर्ण निघत नाही. डायव्हिंगला गेज जोडलं, दाब उतरला की ते थेंब होजमधून फर्स्ट स्टेजकडे येतात. श्वासाच्या हवेत मशीनचं तेल नको. नायट्रॉक्ससाठी ऑक्सिजन जास्त असलेला वायू वापरणार असाल तर तो नुसता त्रास नाही, आगीचा धोका आहे. त्यामुळे विचारायचं: ‘नायट्रोजनवर, म्हणजे न्यूमॅटिक कंपॅरेटरवर करता का?’ नाही म्हणाले तर गेज परत आणायचं.

त्याच कारणाने कुणी वेल्डिंगवाल्याचं ऑक्सिजन सिलिंडर सुचवलं तर ऐकू नका. नायट्रोजन ठीक. साध्या औद्योगिक सिलिंडरात दाब १४०–१५० किलोच (प्रति चौरस सेंटिमीटर) असतो, म्हणजे वरचा पट्टा तपासला जाणार नाही, पण तुम्हाला महत्त्वाचा आहे तो खालचाच. सिलिंडरच्या झडपेला तुमचा योक (रेग्युलेटरची पकड) बसणार नाही, जोडणी त्यांच्याकडे आहे का हेही आधी विचारा. लेथवर स्वतः काही वळवून आणू नका. १५० बारला घरगुती कारागिरी चालत नाही.

चढत्या आणि उतरत्या दाबाची, दोन्ही नोंद मागा. ५० ला चढताना ४९ आणि उतरताना ५६ दाखवत असेल तर यंत्रणेत घासण आहे. आणि डायव्हिंगमध्ये दाब फक्त उतरतोच, त्यामुळे उतरत्या रकान्याकडे बघा. कारखान्यातल्या कामासाठी आम्ही चढत्याला जास्त महत्त्व देतो, म्हणून हे वेगळं सांगतोय.

---

गोदाकाठ

सर्वांचे आभार. काल व्हर्नियर घेऊन गेलो होतो. (क) च्या होजचं टोक ११.१ आलं. (ख) मध्ये स्पिंडल आहे, दोन्ही ओ-रिंगा कडक झाल्यात. मागची टिकली शाबूत. @आटेपाना, प्रयोगशाळेऐवजी रेग्युलेटर आणि भरलेल्या सिलिंडरवर (ख) तपासता येईल का? ओळखीच्याकडे एक सिलिंडर आणि चालू गेज आहे.

---

आटेपाना

येईल, आणि तुमच्या कामापुरतं ते पुरेसं आहे.

आधी ओ-रिंगा बदला. मापाचा क्रमांक ००३: आतला व्यास १.४२ मिमी, जाडी १.५२. कडकपणा ९० शोअरच मागा, दुकानदार सवयीने ७० देतो, आणि ७० ची रिंग या दाबाला फटीत पिळली जाते. होजचं टोक फर्स्ट स्टेजमध्ये जातं तिथली रिंग ०१२ क्रमांकाची. (लो प्रेशरची ०११. दोन्ही दिसायला सारख्या, म्हणून वेगळ्या पुडीत ठेवा.) हायड्रोलिक सीलच्या दुकानात हे क्रमांक चालतात, स्कूबाचं नावही काढायची गरज नाही. जुनी रिंग काढताना सुई, टाचणी वापरू नका, पितळी खाचेला ओरखडा गेला की नवी रिंगही गळते. लाकडी टूथपिक किंवा प्लास्टिकचा तुकडा. सिलिकॉन ग्रीस नावापुरतं, रिंग चमकली की बास. नायट्रॉक्सचा विचार असेल तर सिलिकॉन नको, ऑक्सिजनला चालणारं ग्रीस.

मग जोडणी. तुमच्या फर्स्ट स्टेजला बहुधा दोन हाय प्रेशर पोर्ट असतील. एकाला ओळखीचं चालू गेज, दुसऱ्याला (ख). हाताने घट्ट करून पान्याने हलका शेवटचा वळसा. इथे गळती थांबवतात ती ओ-रिंग, तुमची ताकद नव्हे. दात ओठ खाऊन आवळलं की पुढच्या वेळी आटेच निघून येतात.

दोन्ही गेजांच्या काचा जमिनीकडे किंवा सिलिंडरकडे फिरवून, स्वतः बाजूला उभं राहून झडप हळू उघडा. पूर्ण दाब आल्यावरच बघायचं. यात नवं काही नाही, कोर्समध्ये शिकवतात, पण अनोळखी गेजच्या बाबतीत हा नियम खरोखर कामाला येतो.

आता झडप बंद करा. सेकंड स्टेजचं (तोंडात धरायच्या भागाचं) पर्ज, म्हणजे हवा सोडायचं, बटण अगदी हलकेच, स्पर्श म्हणावा इतकंच दाबा. झडप बंद असताना होजांमध्ये हवा नगण्य उरते, त्यामुळे एका स्पर्शाला दाब १५–२० बार खाली येतो. सवय होईपर्यंत दोन-तीनदा शून्यावर आपटेल, पुन्हा भरा. थांबत थांबत उतरा: २००, १५०, १००, ७०, ५०, ३०, शून्य. दर थांब्यावर काही सेकंद द्या, कारण होजच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आहे आणि दोन्ही गेज एकाच वेगाने उतरतीलच असं नाही. मग नखाने काचेवर टिचकी मारा. टिचकीने काटा हलला तर किती हलला तेही लिहा.

माझी कसोटी: ५० ला ५ बारपेक्षा जास्त फरक नको (पीएसआयवर साधारण ७०), २०० ला १० पर्यंत चालेल, पण सगळीकडे एकाच दिशेने. ५० ला ४ जास्त आणि १५० ला ६ कमी अशी चाल असेल तर नळी थकलीय. शून्यावर यायलाच हवं.

गळती वेगळी बघायची. झडप उघडून पूर्ण दाब द्या, झडप बंद करा, दहा मिनिटं काटा बघा, आणि मग झडप पुन्हा उघडून गेज बादलीत. बुडबुडे मानेतून, म्हणजे होज आणि डबीच्या जोडावरून आले तर स्पिंडलच्या रिंगा, दुरुस्ती सोपी. डबीच्या मागच्या टिकलीतून किंवा काचेच्या कडेने आले तर आतली नळी गळतेय, तिथे दुरुस्ती नाही. लगेच दाब काढा.

दोन लक्षणं गेजच्या माथी मारली जातात, दोष त्याचा नसताना. श्वास घेताना काटा दर वेळी खाली झुकून परत येतो, तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही किंवा फर्स्ट स्टेजची जाळी चोंदलीय. काटा चढायलाच अर्धा मिनिट लावतो, तर होजच्या टोकाचं ते छिद्र मिठाने अरुंद झालंय. छिद्र टाचणीने मोठं करायचं नाही, होज फुटला तर हवेचा लोंढा तेच रोखतं. होज बदला. आणि नुकतंच भरून आणलेलं गरम सिलिंडर असेल तर आकडा आपोआपच उतरतो: २०० बारला दर अंशामागे ०.६–०.७ बार. ४० अंशांवरून २७ वर आलं की ८ बार गेले, गळती नसताना.

---

खोलपाणी

आता खोलीची दोन.

(च) ला काटा नाही कारण ते कॅपिलरी गेज. नळीचं एक टोक उघडं, दुसरं बंद, आत अडकलेली हवा. खाली जाल तशी हवा दबते आणि पाणी पुढे सरकतं. पाणी जिथे थांबेल तो आकडा. १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून हवा निम्मी, २० वर तिसरा हिस्सा, ३० वर चौथा. म्हणून आकड्यांमधलं अंतर सुरुवातीला ऐसपैस आणि शेवटी गर्दी. ही गर्दी हीच त्याची ओळख. १० मीटरपर्यंत ते छान वाचता येतं, २० च्या पुढे अंदाज. बिघडण्यासारखं त्यात काहीच नाही, नळीत मीठ किंवा केर अडकला तर बाहेर काढून धुता येते. दोनशे रुपयांच्या वर देऊ नका, पण मिळालं तर घ्या. कारण पुढे येतंय.

(घ) तेलाचं, म्हणजे सीलबंद बूर्डन (वाकड्या) नळीचं. बाहेरच्या पाण्याचा दाब लवचिक डबीतून तेलावर, तेलातून नळीवर. तांबडा काटा सर्वात जास्त खोली अडकवून ठेवतो, मागच्या किंवा पुढच्या स्क्रूने परत शून्यावर आणायचा. तो काळ्या काट्याने ढकलला जातो, त्यामुळे तांबडा घट्ट झाला असेल तर काळाही अडखळतो. स्क्रू फिरवून बघा, हलका असायला हवा. छोटा बुडबुडा चालतो. वाटाण्यापेक्षा मोठा झाला असेल किंवा डबीला बोटाला चिकट लागत असेल तर तेल गळतंय.

खोलीच्या गेजचा तिसरा प्रकार उघड्या नळीचा: पाणी थेट बूर्डन नळीत शिरतं, कडेला एक छिद्र दिसतं. मिठाने ते बुजलं की गेज १२ मीटरवर अडकून २० ला निवांत १२ च दाखवतं. असलं जुनं गेज घेऊच नये. (क) च्या कन्सोलमधलं मधलं गेज बघा, छिद्र आहे का.

आता शून्याखालचा काटा. सीलबंद गेजचं शून्य समुद्रसपाटीला लावलेलं असतं, १.०१३ बारला. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, इथे हवेचा दाब साधारण ०.९४३ बार. फरक ०.०७ बार, म्हणजे ०.७ मीटर पाणी. त्यामुळे धड असलेलं सीलबंद गेज नाशकात शून्याच्या खाली पाऊण मीटर दाखवणार. उलट, शून्याला अडवणारी खुंटी नसताना नाशकात बरोब्बर शून्य दाखवणाऱ्या गेजवर मी संशय घेईन. मालवणला नेलं की काटा आपोआप वर येईल.

घरी तपासायची सोय आहे. आरओच्या आधी लावतात तो पारदर्शक प्री-फिल्टरचा जंबो हाउसिंग, दहा इंची. पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरा, वर बोटभरच हवा, गेज आत, एका तोंडाला बूच, दुसऱ्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि काटा असलेला सायकलपंप. पाणी काठोकाठ हवं याचं कारण: हवा दाबली की तिच्यात साठलेली ताकद मोठी, भांडं तडकलं तर तुकडे उडतात. पाण्यात तसं होत नाही. २ बारच्या वर जाऊ नका. भांडं जुनं, उन्हात पिवळं पडलेलं नको.

पंपावर १ बार झाला की पुस्तकाप्रमाणे १० मीटर. पण नाशकात (घ) ने ९.३ दाखवायला हवेत आणि (च) ने १०.७ च्या जवळपास. (घ) कमी दाखवतं कारण त्याचं शून्यच ०.७ ने खाली आहे. (च) जास्त दाखवतं कारण त्यात अडकलेली हवाच मुळात इथल्या कमी दाबाची, ती लवकर दबते. दोघांनी एकच आकडा दाखवला तर दोघांपैकी एक बिघडलंय. २ बारला (घ) वर १९.३ हवेत.

हे नुसतं तपासणीचं गणित नाही. गंगापूर धरणात किंवा आसपास कधी परवानगीने उतरायची वेळ आली तर ३०० मीटरच्या वरचं पाणी म्हणून ते उंचीवरचं डायव्हिंग धरतात. पाणी गोडं, म्हणून १० मीटरला ०.९८ बारच. सीलबंद गेज तिथे १० मीटरला ९.१ दाखवतं, कॅपिलरी १०.५ च्या आसपास. डायव्हिंगचं टेबल (खोली-वेळेचा तक्ता) वापरताना कॅपिलरीचा आकडा सुरक्षित बाजूला पडतो, आणि उंचीवर तिला लोक अजून जवळ ठेवतात ते यासाठीच. दोनशे रुपये म्हणालो ते म्हणून.

---

डेकोमीटर

एवढी खटपट कशाला? त्या पैशात जुना डाइव्ह कॉम्प्युटर येईल. खोली, वेळ, सगळं एकात.

---

खोलपाणी

मुद्दा रास्त आहे. यांत्रिक खोलीच्या गेजवर हजार-दीड हजारांपेक्षा जास्त खर्च करण्यापेक्षा जुना कॉम्प्युटर खरंच बरा. पण तोही डोळे झाकून घ्यायचा नसतो. बॅटरी घरी बदलता येते की कारखान्यात पाठवावी लागते, हे आधी. भारतात राहून दुसऱ्या प्रकारचा घेणं म्हणजे बॅटरी संपेपर्यंतचंच यंत्र. बॅटरीचं झाकण उघडून खाचेत हिरवट-पांढरं काही आहे का ते पाहा. पडद्यावर काळे डाग वाढत जातात, ते थांबत नाहीत. लॉग उघडून सर्वात जास्त खोली बघा, ती यंत्राच्या मर्यादेला टेकलेली असेल तर सोडा. पाण्याचे संपर्क ओल्या बोटाने टिपून चालू होतो का. वरच्या हाउसिंगमध्ये तोही तपासता येतो.

उंची हाताने लावायची असेल तर नाशकात ती लावा. सुंटो कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत ए० म्हणजे ३०० मीटरपर्यंत, ए१ म्हणजे ३०० ते १५००. इथल्या पाण्याला ए१, मालवणला ए०. आणि दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालू ट्रिपमध्ये मध्येच घेऊ नका. त्यात साठलेला नायट्रोजनचा हिशेब त्याचा आहे, तुमचा नाही.

उंचीवरून आठवलं. तारकर्लीला दुपारी डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी काढून आंबोलीमार्गे वर येणारे बरेच आहेत. आंबोली ७०० मीटरच्या घरात, नाशिक ६००. विमानासाठी डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हिंग सुरक्षेची संस्था) जो दंडक आहे, एका डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८, तो ६०० मीटरच्या वरच्या उंचीपासूनच लागू होतो. रात्र मालवणातच काढा.

---

उत्तरदक्षिण

कन्सोलमधलं होकायंत्र कुणी बघितलं नाही म्हणून लिहितो. जुन्या डायव्हिंग सामानात सर्वात बिनधोक खरेदी तीच. बुडबुडा नसला किंवा अगदी लहान असला, कडेची फिरती कडी वाळू न अडकता फिरली, तर अर्धं काम झालं.

बाकी अर्धं: सपाट धरा, चकती मोकळी फिरते का. मग हळू कलवा. साधारण २० अंशांपर्यंत तरी ती अडकता कामा नये, पाण्यात हात सरळ राहत नाही. फोनचं होकायंत्र मीटरभर लांब ठेवून ताडून पाहा, जवळ आणलंत तर फोनच ते बिघडवेल. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांत अंशापेक्षा कमीच फरक, त्यामुळे सूर्य किंवा नकाशावरूनही ताडता येतं. स्पीकरच्या चुंबकाजवळ वर्षानुवर्षं पडलेली होकायंत्रं कधीकधी उलटी झालेली असतात, उत्तरेला दक्षिण दाखवतात. तेवढ्यासाठी फेकू नका, पण भावात बोलायला उपयोगी.

चकती सपाट धरूनही एका बाजूला झुकून तळाला घासत असेल तर ती दक्षिण गोलार्धासाठी तोललेली आहे. ऑस्ट्रेलियाकडून आलेलं सामान असलं की हे होतं. तेल बदलून ते जात नाही.

---

गोदाकाठ

हाउसिंगचा प्रयोग झाला. १ बारला (घ) ९.२, २ बारला १९.५. (च) १ बारला साडेदहा-अकराच्या मध्ये, नीट वाचता आलं नाही. (ख) दोन गेजांवर: २०० ला २९५० पीएसआय, १०० ला १४८०, ५० ला ७६०, ३० ला ४६०, शून्याला शून्य. टिचकीने हलत नाही. होकायंत्र धड, उलटंही नाही. मधल्या गेजला कडेला छिद्र आहे. तो आता चार हजारांत (क), (ख), (घ), (च) देतोय.

---

आटेपाना

(ख) चे आकडे बारमध्ये: २०३, १०२, ५२.४, ३१.७. सगळीकडे दोन-तीन बार जास्त, एकाच दिशेने, शून्यावर परत. चांगलं गेज आहे. पण ते जास्त दाखवतं हे लक्षात ठेवून रंगाचा ठिपका ७२५ ऐवजी ८०० ला द्या.

चार हजारांत घ्या, पण (क) चे पैसे फक्त होकायंत्र आणि रबरी बूटाचे (कन्सोलच्या आवरणाचे) समजा. त्यातलं प्रेशर गेज काढून टाका. (ख) त्या खोबणीत बसतंय का ते व्यासाने मोजा, बहुतेक ५२ मिमीच्या आसपासची डबी थोड्या ओढाताणीने बसते. बसवलंत तर बूटाच्या मागे टिकलीसमोर भोक आहे याची खात्री करा, नसेल तर पाडा. रबराने टिकली झाकली तर ती असून नसल्यासारखी.

---

खोलपाणी

(घ) चे ९.२ आणि १९.५ दोन्ही सायकलपंपाच्या काट्याच्या चुकीत बसतात. मालवणला पहिल्या डाइव्हला गाइडच्या कॉम्प्युटरशी ५, १० आणि १५ मीटरवर ताडून पाहा, आणि तांबडा काटा आधी शून्यावर आणायला विसरू नका. मधलं छिद्राचं गेज तेवढं कन्सोलमधून काढून टाका. तिथे (घ) मावेल, पट्टा कापावा लागेल.

---

सातपूर_कॅलिब्रेशन

बाद केलेली प्रेशर गेजं भंगारात देताना काटा मोडून द्या. नाहीतर सहा महिन्यांनी तीच पेटी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात ‘चालू’ म्हणून येते.